मेळ्याचा ‘मेला’ होण्याआधी

ग्वाल्हेरचा मराठी माणूस पुण्या-मुंबईला गेला आणि बोलण्याच्या ओघात ‘परवा आम्ही सगळे मेल्यात गेलो होतो’ असे म्हणाला, की ऐकणारे आधी दचकतात आणि मग पोट धरून हसतात. आमच्याकडे कुणी ‘मेळा’ म्हणत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही मेल्यात जातो, मेल्यातून बरण्या आणतो, मेल्यातला पापड खातो. भाषेच्या सीमेवर राहणाऱ्या माणसाच्या तोंडी असे शब्द बसतातच. बेळगाव-निपाणीच्या, बिदर-भालकीच्या, बुऱ्हाणपूर-बैतूलच्या वाचकांना हे मी नव्याने सांगायला नको. हसणाऱ्यांवर मी कधी रागावलो नाही. मात्र गेली काही वर्षे या विनोदाची धार मलाच टोचू लागली आहे. आमचा मेळा खरोखरच मेला की काय, असा प्रश्न दर जानेवारीत पडतो. मैदानावर गर्दी मावत नाही, दिव्यांनी डोळे दिपतात, आणि तरीही पडतो.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना पुढचे वाचताना भांडायला सोपे जाईल. ग्वाल्हेरचा मेळा शेतकऱ्याला विकता यावे म्हणून भरला होता. आज तो शहराला विकत घेता यावे म्हणून भरतो. हा बदल काळाने आपोआप केलेला नाही. तो हुकुमांनी, सवलतींनी आणि आपल्या मौनाने झाला आहे. म्हणून तो उलटवताही येतो.

मी इंदरगंजात राहतो. लष्करातला हा चौक ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की इथून डाळ बाजार हाकेच्या अंतरावर आहे. सकाळी हातगाड्यांवर पोती लादली जातात, हमालांची हाळी ऐकू येते, मोहरीचा आणि तुरीचा भाव कानावर पडतो. शेती आमच्या दारावरून जाते, पण थांबत नाही. इंदरगंजातून शिंदे की छावणी, फूलबाग, पडावचा पूल, स्टेशन असे करत रेसकोर्स रोडला लागले की मेळ्याचे मैदान येते. चांगले १०४ एकरांचे. एवढे मोकळे रान शहराच्या पोटात राखून ठेवणे आजच्या काळात कुणाला सुचले असते काय? ज्याला सुचले त्याच्यापासून सुरुवात करू.

१९०५ साली माधव महाराजांनी, म्हणजे १८८६ ते १९२५ पर्यंत गादीवर असलेल्या माधवराव शिंद्यांनी, सागरतालाच्या मैदानावर गुराढोरांचा मेळा भरवला. पुढे तो आजच्या जागी आला. काळ कोणता निवडला, तेही पाहा. ऐन थंडी. बाजरी घरात आलेली, गहू पेरून झालेला, शेतात मोहरी पिवळी झालेली. शेतकऱ्याच्या हातात चार पैसे आणि चार दिवस दोन्ही असण्याचा वर्षातला हाच काय तो सुमार. बैल बदलायचा, म्हैस घ्यायची, पुढच्या हंगामाची सोय बघायची, तर याच दिवसांत. मेळा सुरू झाला तेव्हा दोन फुटी रुळांवरची छोटी गाडी ग्वाल्हेरहून भिंडकडे आणि शिवपुरीकडे धावत होती. १९०९ मध्ये ती श्योपूरपर्यंत पोचली. धरणाचे काम हाती घेणारा राजाही हाच. सांक नदीवरचे तिघऱ्याचे धरण त्याच्याच कारकीर्दीतले. १९१७ च्या ऑगस्टमध्ये ते फुटले आणि पुन्हा बांधावे लागले. पाणी, रूळ आणि जनावरांचा बाजार ही तीन वेगवेगळी कामे नव्हती. रयत पिकवील, आणील आणि विकील, अशी ती एकच सलग योजना होती. महाराजांची आरती ओवाळण्यासाठी मी हे सांगत नाही. संस्थानी कारभाराचे दोष आपल्याला माहीत आहेत. पण मेळा कशासाठी भरला, हे विसरले की पुढचे काहीच कळत नाही.

या मेळ्याचे एक वेगळेपण सहसा कुणी बोलून दाखवत नाही. या मेळ्याला देव नाही. आपल्याकडच्या जत्रा पाहा. सोलापूरला संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते आणि तिच्याबरोबर जनावरांचा बाजार. नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबा आहे, आटपाडी तालुक्यात खरसुंडीला सिद्धनाथ आहे, बेळगाव जिल्ह्यात चिंचलीला मायाक्का आहे. तिथे तिथी ठरलेली आहे, ती मंत्र्याला बदलता येत नाही. पाऊस पडो न पडो, सरकार कुणाचेही असो, माघ आला की चिंचलीच्या वाटेला बैलगाड्या लागतातच. खोंडाला झूल घालून खरसुंडीला नेणारा माणूस कुणाची परवानगी मागत नाही. देवाने बाजार धरून ठेवला आहे.

ग्वाल्हेरला तसे कुणी धरून ठेवणारे नाही. ही राज्याने भरवलेली, बिनदेवाची जत्रा आहे. तिची तारीख, तिचे भाडे, तिच्यातल्या सवलती हे सगळे फायलीवर ठरते. जे फायलीवर जन्मते ते फायलीवर मरू शकते, नाही तर दुसऱ्याच कशात तरी बदलू शकते. संस्थान गेले, राज्य आले, आणि १९९६ साली मध्य प्रदेश सरकारने कायदा करून मेळ्यासाठी प्राधिकरण नेमले. त्याचे नाव ‘ग्वालियर व्यापार मेला प्राधिकरण’. नावातला तो ‘व्यापार’ शब्द नीट वाचा. त्यात शेती नाही, पशू नाही. कुणी म्हणेल, नावात काय आहे? सरकारी नावात सगळे असते. ज्याचे नाव फायलीवर नाही, त्याला पैसाही नाही आणि जागाही नाही.

आता सवलतीकडे येऊ, कारण खरे दुखणे तिथे आहे. मेळ्यात माल स्वस्त मिळतो ही ख्याती फार जुनी. पूर्वी विक्रीकरातल्या सुटीने मेळा चालत असे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्याच्या हातातला विक्रीकराचा लगाम सुटला. सूट देण्याजोगे मोठे असे एकच राहिले, वाहनांवरचा रोड टॅक्स. २०२० च्या मेळ्यात या करात निम्मी सूट दिली गेली, आणि त्यानंतरही वर्षे पालटली तशी ती पुन्हा पुन्हा जाहीर होत गेली. परिणाम व्हायचा तोच झाला. मेळ्याच्या बातम्या म्हणजे किती गाड्या खपल्या याच्या बातम्या. सूट जाहीर होईपर्यंत मेळा ‘सुरू झाला’ असे कुणाला वाटत नाही. उद्घाटन झालेले असते, पाळणे फिरत असतात, पण माणसे म्हणतात, ‘अजून छूट आली नाही.’

साधा हिशोब मांडून पाहा. ज्याच्या गाडीवर एक लाख रुपये कर बसतो त्याचे पन्नास हजार वाचतात. ज्याच्या गाडीवर चार लाख बसतो त्याचे दोन लाख वाचतात. म्हणजे जो जितका श्रीमंत, त्याला मेळा तितका लाभदायक. सायकल घेणाऱ्याला काय? काही नाही. सरौता, विळा, फावडे घेणाऱ्याला? काही नाही. भिंडहून म्हैस घेऊन येणाऱ्याला? उलट टेंपोचे भाडे, वाटेतली अडवणूक, आणि पोचल्यावर ‘जनावरे कुठे उतरवायची’ या प्रश्नाला मिळणारी तीन माणसांची तीन उत्तरे. शेतकऱ्यासाठी जन्मलेल्या मेळ्यात शेतकऱ्याखेरीज सर्वांना सवलत आहे, असे म्हटले तर ते फार खोटे ठरणार नाही.

शिवाय सूट ही उचलून नेण्याची वस्तू आहे. २०२४ साली उज्जैनला विक्रमोत्सवाच्या निमित्ताने व्यापार मेळा भरला आणि तिथेही वाहनांच्या करात तशीच निम्मी सूट दिली गेली. उज्जैनला ती मिळू नये असे मी म्हणत नाही, तेही आपलेच गाव. पण यातून धडा घ्या. ज्या दिवशी सूट चार शहरांत मिळू लागेल, त्या दिवशी सुटीवर उभा असलेला आमचा मेळा कशावर उभा राहील? सूट कुठेही नेता येते. शंभराहून अधिक वर्षांचे मैदान, पक्क्या दुकानांच्या ओळी, छत्र्या, आणि चंबळच्या खोऱ्यातल्या माणसाच्या पायाला पडलेली सवय नेता येत नाही. जे नेता येत नाही तेच जपायचे असते.

यावर आक्षेप घेतले जातात. मला ते तोंडावर ऐकवले गेले आहेत, म्हणून एकेकाला उत्तर देतो.

पहिला आक्षेप असा: ‘बैल गेले, ट्रॅक्टर आला. आता जनावरांचा मेळा कुणासाठी?’ बैल कमी झाले हे खरे. जनावर गाडीत घालून जिल्ह्याची हद्द ओलांडताना शेतकऱ्याच्या छातीत धडकी भरते, हेही खरे. २०१७ च्या मे महिन्यात केंद्राने जनावरांच्या बाजारांसाठी काढलेले नियम न्यायालयात अडकले, पण त्यांनी पेरलेली भीती मागे राहिलीच. तरी जनावर म्हणजे फक्त बैल काय? भिंड-मुरैनाच्या आणि पलीकडे आग्रा-इटाव्याच्या बीहडांत भदावरी म्हैस आहे. तांबूस रंग, गळ्याखाली दोन पांढऱ्या रेघा, अंगाने आटोपशीर. दूध थोडे देते, पण त्यातली स्निग्धता सात-आठ टक्क्यांवर सहज जाते. कोरड्या खडबडीत रानात, निकृष्ट चाऱ्यावर जगणारे हे जनावर. घरचे तूप ज्यांना कळते त्यांना तिचे मोल सांगायला नको. त्याच पट्ट्यात जमुनापारी शेळी आहे. मुरैन्यात मोहरी आहे आणि मोहरीच्या फुलांवर मधमाश्या आहेत. ग्वाल्हेरात २००८ पासून कृषी विद्यापीठ आहे. म्हैस आहे, शेळी आहे, मोहरी आहे, मध आहे, विद्यापीठ आहे, १०४ एकर मैदान आहे. या सगळ्यांची गाठ घालून देणे, यालाच तर मेळा म्हणतात.

दुसरा आक्षेप: ‘लोकांना जे हवे तेच मेळा देतो. तुम्ही लोकांच्या आनंदावर का उठलात?’ मी मुळीच उठलेलो नाही. हाडे गोठवणाऱ्या थंडीत, कानाला मफलर गुंडाळून सॉफ्टी आइस्क्रीम खायचे हा ग्वाल्हेरकरांचा वेडेपणा मीही दर वर्षी करतो. ताटाएवढा पापड, साखरेत घोळलेला खाजला, मुरैन्याची गजक, मौत का कुआँ, उंच पाळण्यात बसल्यावर पोटात उठणारा गोळा, कुस्त्यांचा दंगल, रात्री उशिरापर्यंत रंगणारे कविसंमेलन आणि मुशायरा, हे कुणाला नको आहे? खुर्ज्याच्या चिनी मातीच्या बरण्या मेल्यातूनच आणायच्या, हा आमच्या घरातला नियम. लोणचे त्याच बरणीत टिकते अशी बायकांची श्रद्धा. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला लुटायच्या वस्तू मराठी बायका मेल्यातूनच घासाघीस करून डझनावारी आणतात, आणि दुकानदारांनाही आता ‘वाण’ हा शब्द समजतो. हे सगळे मेळ्याचे वैभवच. पण हे वैभव एका खांबाभोवती उभे होते. खांब काढून घेतला आणि नुसते मंडप राहिले, तर पहिल्या वादळात काय होईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

तिसरा आक्षेप सुशिक्षितांचा: ‘जगभर असेच होते हो. जुने मेळे आता करमणुकीपुरते उरतात.’ हे तर साफ खोटे. अमेरिकेचेच उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे त्यावाचून पटत नाही. तिथे न्यूयॉर्क राज्याने १८४१ साली शेतीचा राज्यमेळा भरवला. आयोवाचा मेळा १८५४ पासूनचा, आणि आता त्याला एका हंगामात दहा लाख माणसे जातात. तिथे पाळणे नाहीत? आहेत. तळून काढलेले सतरा प्रकार नाहीत? आहेत. निवडणूक आली की पुढारीही हात हलवत फिरतात. १९११ पासून तिथे लोण्याची अख्खी गाय घडवून काचेत मांडतात आणि लोक रांग लावून ती बघतात. इतका हौशी मेळा! पण त्याच मैदानावर शाळकरी पोरे स्वतः वाढवलेले वासरू, मेंढी, डुक्कर घेऊन परीक्षकासमोर उभी राहतात. परीक्षक हात फिरवून जनावर तपासतो, पोराला प्रश्न विचारतो, कुणाला फीत मिळते, कुणी रडते. तो मेळ्याचा गाभा त्यांनी पाळण्यांपुढे विकला नाही. यंत्रे आपल्यापेक्षा त्यांच्याकडे अधिक आहेत. तेव्हा ट्रॅक्टर आल्यामुळे जनावरांचा मेळा संपतो, हा सिद्धान्त त्यांना कुणी कळवलेला दिसत नाही.

आता थोडे आपल्या माणसांविषयी. ग्वाल्हेरचे मराठी लोक मेळ्याचा विषय निघाला की छाती फुगवतात. मेळा आमच्या महाराजांनी सुरू केला! झाले, तिथे विषय संपला. आम्हाला भा. रा. तांबे आठवतात, ग्वाल्हेर घराणे आठवते, १९६१ साली कुसुमावती देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली इथे भरलेले साहित्य संमेलन आठवते. आठवावेच. पण मेळ्यातल्या शेतकऱ्याबद्दल आम्हाला तोंड नाही. एका समारंभात मी उभा राहून म्हटले की संस्थेने जनावरांच्या बाजारासाठी एक निवेदन द्यावे. शेजारचे गृहस्थ कुजबुजले, ‘आपल्यात शेती कोण करतो?’ या एका वाक्यात आमच्या समाजाची सगळी दशा आली. परमुलखात राहणाऱ्या समाजाला दोन वाटा असतात. एक, पूर्वजांच्या तसबिरीखाली बसून राहायचे. दुसरी, ज्या मातीत राहतो तिच्या सुखदुःखात आपला आवाज मिसळायचा. पहिल्या वाटेने भाषा घरातल्या देव्हाऱ्यात जाते आणि नातवंडांपर्यंत पोचत नाही. दुसऱ्या वाटेने ती रस्त्यावर येते, वापरात राहते. मेळ्याच्या कारभाराविषयी मराठी माणूस ठणकावून बोलू लागला, तर त्याच्या मराठीलाही या शहरात अर्थ येईल.

सीमाभागातल्या वाचकांनी ग्वाल्हेरच्या मेळ्याची चिंता का करावी, असे कुणी विचारील. कारण हा वारा तुमच्याकडेही वाहतो आहे. नंदुरबार जिल्ह्यात, तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. त्यावर ‘चेतक फेस्टिव्हल’ची झालर चढलेली आपण पाहिली. झालर चढवायला हरकत नाही, पण झालर कापडाला खाऊ लागली तर? आणि द्विभाषिक जिल्ह्यांत जनावरांचा बाजार हा नुसता बाजार नसतो. तिथे हेडे रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवतात. एकाची भाषा कन्नड, दुसऱ्याची मराठी, पण बोटांना व्याकरण लागत नाही. जनावराचा जबडा उघडून ‘दुसा आहे की चौसा’ हे पाहायला दुभाषा लागत नाही. पाट्यांवरून, शाळांवरून, कचेरीतल्या अर्जांवरून आपली भांडणे चालू आहेत, आणि ती न्यायाची आहेत तोवर चालावीत. पण दोन भाषांच्या माणसांना एकमेकांची गरज आहे हे जिथे रोज सिद्ध होते, त्या जागा मोजक्याच उरल्या आहेत. त्या गेल्या तर उरेल ते फक्त भांडण.

तेव्हा मागणे काय, ते लेखी मांडतो. एक: मेळ्याचे पहिले पंधरा दिवस जनावरांचे, आणि ते कायद्यात लिहिलेले असावेत, दर वर्षीच्या हुकुमावर सोडलेले नसावेत. देव नाही तर निदान कायद्याने तरी तिथी धरावी. दोन: जनावर आणणाऱ्याकडून जागेचे भाडे घेऊ नये. पाणी, चारा आणि पशुवैद्य मैदानावर असावा, आणि जनावर घेऊन येण्या-जाण्याचा परवाना तिथेच, त्याच दिवशी मिळावा. तीन: भदावरी म्हशीच्या दुधाची स्पर्धा सर्वांसमोर व्हावी, स्निग्धता मोजावी आणि फळ्यावर लिहावी. चार: मोहरी, मध, तूप विकणाऱ्या शेतकऱ्यांना मुख्य दरवाज्याजवळची दुकाने द्यावीत, पाळण्यांच्या मागची नव्हेत. पाच: वाहनांवर जितकी सूट सरकार सोडते, तिचा एक ठरावीक हिस्सा शेतीच्या विभागावर खर्च झाला की नाही, याचा हिशोब दर वर्षी मैदानावरच लावावा.

यात अशक्य असे काहीच नाही. दोन फुटी रुळांवरची ती गाडी २०२० साली थांबली. हळहळलो, फोटो काढले, लेख लिहिले, आणि मग गप्प बसलो. गाडीच्या बाबतीत निदान रुंद रूळ तरी येत आहेत. मेळ्यातून शेतकरी एकदा उठून गेला, तर त्याच्या जागी येणारी मोटार त्याला परत आणणार नाही. येत्या थंडीत ग्वाल्हेरला कुणाकडे पाहुणे म्हणून आलात, तर सॉफ्टी जरूर खा, बरण्या जरूर न्या. पण त्याआधी दरवाज्यावर उभ्या असलेल्या माणसाला विचारा, ‘जनावरांचा मेळा कुठे आहे?’ उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. शंभर माणसांनी एका दिवसात हाच प्रश्न विचारला, तर उद्या कुणाला तरी पाटी लावावी लागेल, आणि पाटी लागली की तिच्याखाली जनावरे बांधावी लागतील.